न्हाव्याबद्दलचा आपला वाद

मास्तर,

परवा एक काउबॉयचा पिक्चर पाहिला. हनीफने पाठवलेला. तुला आवडला नसता.

घोडे चांगले आहेत, डोंगर चांगले आहेत, सुरुवातीची शीळ तर फारच चांगली आहे. पण नायकाची दाढी केलेली आहे. चार दिवस वाळवंटातून येतो आणि गाल गुळगुळीत. तू पाचव्या मिनिटाला म्हणाला असतास, "बंद कर, हा अमेरिकेचा दिसतोय." मी म्हणालो असतो, "इटलीचाच हाय, नावं वाच." मध्यात एक जागा मात्र तुझ्या कामाची होती. खाणीतले मजूर रांगेत उभे आहेत. मुकादम त्यांच्यातल्या एकाला पुढे बोलावतो. तो येत नाही, त्याच्या शेजारचा येतो. का, ते पिक्चर सांगत नाही. कॅमेरा लगेच नायकाकडे वळतो. मी ते मागे नेऊन दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मागे नेताना लक्षात आलं की हे मी तुला सांगण्यासाठी पाहतोय.

तू गेल्याला आज सव्वीस दिवस झाले.

शोकसभेत सगळे बोलले. किती शाळा केल्यास, किती पोरं शिकवलीस, वाडीतल्या वाचनालयाची कपाटं कुठून आणलीस. सगळं खरंच होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून बसून राहिलो. लोकांना वाटलं दुःखाने बोलता येत नाही. तसं नव्हतं, मास्तर. जे बोलायला हवं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं बोलण्याचा मला हक्क नव्हता.

म्हणून इथे लिहितो.

आपल्याला हे वेड लागलं ते बोर्ली पंचतनला. तुझी पहिली नेमणूक तिथल्या शाळेत, आणि हनीफच्या घराची मागची खोली तुला भाड्याने. मी नुकताच सर्व्हेअर म्हणून लागलो होतो. श्रीवर्धनकडे मोजणी निघाली की मी मुद्दाम ती मागून घ्यायचो आणि मुक्काम तुझ्याकडे ठेवायचो. हनीफच्या मोठ्या भावाने आखातातून व्हीसीआर आणि कॅसेटींचा एक खोका पाठवला होता. कॅसेटींवर नावं अरबीत. त्यामुळे कोणती लावली तर काय निघेल ते नशिबावर. दुपारी जेवणं झाली की हनीफची अम्मी खिडक्यांना चादरी लावून द्यायची, आणि आपण तिघं जमिनीवर.

पहिला जो निघाला त्यात एक माणूस भर उन्हात खड्डा खणत असतो. कितीतरी वेळ नुसता खणतोय. बोलणं नाही, संगीत नाही, फावड्याचा आवाज आणि माश्या. आपल्याला वाटलं कबर खणतोय. शेवटी ओल लागते तेव्हा कळतं की विहीर आहे. मग तो पाणी ओंजळीत घेतो आणि तेवढ्यात लांबून गोळी. हनीफ म्हणाला, "तोबा. एक घोट तरी पिऊ द्यायचा."  संध्याकाळी दिघीच्या धक्क्यावर आपण बसलो होतो, तेव्हा एकदम म्हणालास, "पाणी लागेपर्यंत थांबले बघ. खणून घेतलं त्याच्याकडून."

त्या दिवसापासून तू त्या बाजूचा झालास. मी अमेरिकन पिक्चरवाला राहिलो. छातीवर बिल्ला लावलेला शेरिफ, स्वच्छ सदरा, शेवटी न्याय. मी सरकारी माणूस, मला ते बरं वाटायचं. तुला ती इटलीची मळकी, घामट, न अंघोळ केलेली माणसं आवडायची. त्यांत शेरिफ असलाच तर विकला गेलेला असायचा. मी म्हणायचो, "ह्यांच्यात ओठ एक हलतात आणि आवाज दुसराच येतो, काय मजा?" तू म्हणायचास, "आपल्या ग्रामसभेत दुसरं काय असतं?" हनीफला आपल्या भांडणात रस नव्हता. त्याला घोडे आणि बाजा. घोडा लंगडला तर पिक्चर वाईट, एवढी त्याची समीक्षा.

तुझी एक सवय मला सुरुवातीला वेडेपणाची वाटायची. तू नायकाकडे बघतच नसायचास. त्या पिक्चरांत मागे पांढऱ्या कपड्यांतली, मोठ्या टोप्यांची माणसं असतात. शेतमजूर. ती रांगेत उभी राहतात, पाणी देतात, घोडा धरतात आणि मरतात. त्यांना नाव नसतं. तू त्यांच्यावर नजर ठेवायचास. "तो उजवीकडचा बघ, मघाशी मेला होता, परत उभा हाय," असं म्हणून हसायचास. पण एकदा हसला नाहीस. म्हणालास, "नारायण, ज्याला पिक्चरमध्ये नाव न्हाय, तो माझ्या वळखीचा असतो." मी त्यावर पुढचा पिक्चर लावला. मला वाटलं, मास्तर जरा जास्तच मनाला लावून घेतो.

निवृत्तीनंतरची ही गेली वर्षं आपली खरी चैनीची. रविवारी दुपारी तीन वाजता मी तुझ्याकडे. हनीफ आठवडाभर आधी काय बघायचं ते पाठवणार. तो तिकडे बोर्लीला बघणार, आपण इकडे, आणि मग ओट्यावर फोन मधे ठेवून तिघांचं भांडण. वहिनी चहा आणून ठेवायच्या आणि एखादं वाक्य टाकून आत जायच्या. एकदा म्हणाल्या, "एवढी पिक्चरं बघताव, पण एक बाय कधी पोटभर जेवताना दिसली न्हाय." ते खरं होतं. हनीफने पुढचे दोन महिने जेवणारी बाई शोधली. सापडली नाही.

मग तुमच्या स्मशानाची वाट बंद झाली.

आपल्या गावातून जो जाईल त्याला हे आता दिसणारही नाही, म्हणून सांगतो. तुमच्या वाडीची स्मशानभूमी समुद्राच्या अंगाला, सुरूच्या बनापलीकडे. वाडीतून निघालं की नारळीच्या बागेच्या कडेने एक पायवाट सरळ तिथे जायची. कोणी बांधलेली नव्हती, पण कोणाच्याही आठवणीच्या आधीपासूनची. बागेची जमीन विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका माणसाने तिथे बंगला बांधून चिऱ्यांची भिंत घातली. वाटेच्या तोंडावर लोखंडी गेट आलं. तेव्हापासून वाडीतलं प्रेत डांबरी रस्त्याने, बाजारपेठेतून, पर्यटकांच्या गाड्यांमधून वळसा घालून न्यावं लागतं. भरतीच्या वेळी शेवटचा तुकडा पाण्यात असतो, मग ओहोटीची वाट बघत थांबायचं.

तू अर्ज केलास. तहसील कचेरीने विचारलं, वाट होती याला कागद काय? तू जुन्या मोजणीच्या नकाशाची नक्कल काढलीस. नकाशावर वाट नव्हती. खाली शेऱ्यात लिहिलं होतं, "जागेवर वहिवाटीचा रस्ता दिसून येत नाही." त्याखाली सही होती, ती माझी.

त्या रविवारी मी आलो तेव्हा तुझ्याकडे ती नक्कल होती हे मला ठाऊक नव्हतं. तू आधी पिक्चर लावलास. तो न्हाव्याचा.

आपण त्याला न्हाव्याचाच म्हणायचो, त्याचं खरं नाव लांबलचक आहे. एका गावात गुरांचा मोठा मालक भर रस्त्यात एका शेतकऱ्याला गोळी घालतो. समोरच्या दुकानातला न्हावी काचेतून बघतो. बाहेरून न्यायाधीश येतो, सगळ्यांना विचारतो. न्हावी म्हणतो, मी वस्तऱ्याला धार लावत होतो, मान खाली होती. तोच मालक रोज सकाळी त्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसतो आणि न्हावी रोज त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो. काही करत नाही. काही बोलतही नाही. शेवटी कुठून तरी एक बंदूकवाला येतो, मालक मरतो, त्याची माणसं मरतात, आणि न्हावी दुकान झाडून घेतो.

मला फार आवडला. मी ओट्यावर येऊन बसतो न बसतो तोच सुरू केलं. "सगळ्यांत खरा माणूस तो न्हावी. त्याला पोरंबाळं हाईत. तो बोलून काय करणार होता?"

"खरा हाय," तू म्हणालास. "म्हणून तर त्रास होतो."

"वाईट मालक हाय की न्हावी?"

"मालक मला कळतो. त्याला जमीन पायजे होती. न्हाव्याला काय पायजे होतं?"

"काही नको होतं. गप्प जगायचं होतं."

"एवढ्यासाठी?"

फोनवरून हनीफ म्हणाला, "मास्तर, पिक्चर हाय, जाऊ द्या." तू फोन बंद केलास. असं तू कधी करत नव्हतास. मग आत गेलास, टीव्हीखालचा कागद आणलास आणि माझ्या हातात दिलास. मी सही पाहिली. अक्षरही माझंच, तेव्हाचं, तिरकं.

"नारायण, त्या दिवशी मोजणीला तू त्याच वाटेने आला होतास ना? माझ्या घरी पाणी पिऊन गेलास. मला आठवतं."

मी म्हणालो, "रेकॉर्डवर जे होतं ते मी लिहिलं."

"रेकॉर्डवर न्हवतं ते मला माहीत हाय. जागेवर होतं का, ते विचारतोय."

वहिनी दारात उभ्या होत्या. मी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. शेवटी म्हणालो, "होतं."

तू ओरडला असतास तर मी सुटलो असतो. तू म्हणालास, "मग पुढल्या गुरुवारी सर्कल ऑफिसर पाहणीला येणार हाईत. त्यांच्यासमोर एवढं बोल. चूक झाली म्हण. निवृत्त माणसाला कोण काय करणार?" मी येतो म्हणालो. तुझ्या हातावर हात ठेवून म्हणालो.

घरी आल्यावर प्रशांतला सांगितलं. माझ्या मुलाच्या चार खोल्या आहेत, सुट्टीला माणसं येऊन राहतात. त्या बंगल्यात पाहुणे जास्त झाले की तो मालक ह्याच्याकडे पाठवतो. प्रशांत वाईट नाही. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला, मी अडवत न्हाय. पण नंतर मी त्याच्यासमोर कसा उभा राहू, ते पण सांगा."  खरं तर मला कारण हवं होतं आणि ते त्याने दिलं.

गुरुवारी सकाळी मी मांडव्याहून रो-रो बोट पकडून मुलीकडे मुंबईला गेलो. तिने बोलावलं नव्हतं. साडेदहाला तुझा फोन आला. मी डेकवर उभा होतो. फोन खिशात थरथरत होता आणि मी समोर पाण्याकडे बघत होतो. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला नाही. माझ्या शेजारी एक कुटुंब वेफर्स खात सीगल पक्ष्यांना घालत होतं, आणि मी त्यांच्याकडे बघून हसलोसुद्धा.

सर्कलनी तुझं ऐकलं, नकाशा पाहिला आणि लिहून घेतलं की अर्जदाराकडे पुरावा नाही. हे मला वाडीतल्याच एकाने नंतर सांगितलं. तू नाही सांगितलंस. त्या संध्याकाळी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझा निरोप आला तो एका जुन्या पिक्चरबद्दल होता, ज्यात दोघं भाऊ एकाच घोड्यावरून पळतात. "घोड्याला न्याय मिळाला नाही, हनीफशी सहमत." बस. शेवटी नेहमीसारखं तुझं नाव, जणू ग्रुपवर आपण तिघं सोडून आणखी कोणी असावं.

त्यानंतर मी रविवारी आलो नाही. पहिल्या रविवारी गुडघा दुखतोय म्हटलं, दुसऱ्या रविवारी पाहुणे आहेत म्हटलं, तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी काहीच म्हटलं नाही. तू पिक्चरवर लिहीत राहिलास. एकदा लिहिलंस की हा पिक्चर एकट्याने बघण्यासारखा नाही, बाजूला कोणीतरी विरुद्ध बोलणारा पाहिजे. मी त्याला अंगठा पाठवला. मास्तर, तू मला हाक मारत होतास आणि मी अंगठा पाठवला.

पाचवा रविवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी चहा पिऊन तू पेपर उघडलास आणि मान टाकलीस. वहिनींना वाटलं, डुलकी लागली.

तुझी अंत्ययात्रा दुपारी निघाली. वाडी सगळी पांढऱ्या कपड्यांत. कोणी ठरवलं माहीत नाही, पण पुढची माणसं डांबरी रस्त्याकडे वळली नाहीत, सरळ गेटकडे गेली. "मास्तरला मास्तरच्या वाटेने नेऊ," असं कोणीतरी म्हणालं. मी मागे होतो, प्रशांत माझ्या बाजूला. गेटला कुलूप. आतल्या रखवालदाराने मालकाला फोन लावला, तो लागेना. रखवालदार तसा भला माणूस, परमुलखातला, त्याने टोपी काढून हातात धरली होती. म्हणाला, "मी नोकर आहे. कुणाकडे कागद असेल तर दाखवा, मी उघडतो."

कागद. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही, कारण त्या कागदावरची सही कोणाची हे मी आणि प्रशांत सोडून तिथे दोनच माणसांना माहीत होतं. त्यांतला एक तिरडीवर होता. दुसऱ्या, वहिनी, तिरडीच्या बांबूवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. वळवली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. मला ते पटत नाही.

चटका बसावा असं ऊन होतं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मी तोंड उघडलं नाही. माझ्यापासून गेट वीस पावलांवर होतं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "फिरवा." आणि तुला फिरवलं. बाजारपेठेतून, नारळपाण्याच्या गाड्यांसमोरून. एका मोटारीने हॉर्न वाजवला. मी तुझ्या मागे चालत होतो, आणि चालताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे अंतर किती असेल ते मला नीट माहीत आहे. मोजणीच माझी.

घरी येऊन मी हनीफला फोन केला. मय्यतीला त्याला पोचता आलं नव्हतं, फेरी चुकली होती. मी त्याला सगळं सांगितलं, नकाशापासून रो-रोपर्यंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "नारायण, हे मला ठाऊक हाय. मास्तरने त्याच दिवशी सांगितलं होतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ग्रुपवर काढू नको. त्याला विचारू पण नको. तो रविवारचा यायचा बंद होईल."

हनीफने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. 

वाईट वाटतं ते काय, ते सांगतो. तुला तुझ्या माणसांसाठी वाट हवी होती आणि मीही हवा होतो. त्या दोन्हींत तू माझी ओढाताण होऊ दिली नाहीस. ती ओढाताण तू एकट्याने सोसलीस. आणि मी तरीही आलो नाही.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी मी न्हाव्याचा पिक्चर पुन्हा पाहिला, एकट्याने, दुपारी. शेवटी तो दुकान झाडतो तेव्हा त्याचा चेहरा अगदी जवळून दाखवला आहे. मागच्या वेळी मला तो सुटल्यासारखा वाटला होता. ह्या वेळी तसा वाटला नाही. तो कोणाची तरी वाट बघतोय, कोणीतरी येऊन पुन्हा विचारेल म्हणून. आता कोणी विचारणार नाही. न्हाव्याबद्दल तुझं बरोबर होतं, मास्तर. चाळीस वर्षांच्या भांडणात मी पहिल्यांदा हे कबूल करतोय आणि तुला चिडवायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला गेलो. एका वकिलाकडे बसून प्रतिज्ञापत्र केलं आणि कचेरीत दिलं. प्रशांतला आधी सांगितलं. तो बराच वेळ अंगणात फिरत राहिला. मग म्हणाला, "मी सोडायला येतो."  तुझा अर्ज आता वहिनींनी पुढे चालवायला घेतला आहे. माझा कागद त्याला जोडला गेला, आणि पुन्हा पाहणी लागली. ती काल झाली.

निकाल अजून यायचा आहे. गेट आजही बंद आहे. बंगल्याचा मालक वकील घेऊन आला होता आणि तो वकील हुशार आहे. काय होईल मला माहीत नाही. पण काल काय झालं ते तुला कळायला हवं.

सर्कल म्हणून एक तरुण मॅडम आल्या होत्या. वाडीतली चाळीसेक माणसं, वहिनी, मालक, त्याचा वकील, रखवालदार, प्रशांत. पाहणीपुरतं गेट उघडलं होतं. मी पुढे झालो आणि वाट कुठून कुठे जायची ते चालून दाखवलं. विहिरीच्या कठड्याजवळून, मग तिसऱ्या नारळाला डावीकडे ठेवून, मग सुरूत. लॉन लावलंय तिथे, पण पाय चुकले नाहीत. मॅडम मागून लिहीत होत्या. वाडीतले म्हातारे मान हलवत होते.

मग वकिलाने विचारलं, अगदी सौम्यपणे, "साहेब, वाट इतकी स्पष्ट होती, तर तेव्हा तुम्ही नकाशावर का दाखवली नाहीत? तुमचा तेव्हाचा शेरा खोटा, की आत्ताचं बोलणं खोटं?"

मॅडमनी पेन थांबवलं. म्हणाल्या, "सांगा काका. हे मला लिहावं लागेल."

मी एक उत्तर तयार करून नेलं होतं. झुडपं वाढली होती, पाऊस होता, नजरचुकीने राहिलं. वकिलाने ते मान्य केलं असतं, मॅडमनीही. प्रशांत माझ्याकडे बघत होता. त्याच्या पलीकडे वाडीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांना मी नावाने ओळखत नाही, आणि जन्म ह्याच गावात गेला माझा.

मी म्हणालो, "झुडपं न्हवती. मी त्याच वाटेने आलो होतो. वाट दाखवली असती तर जमीनमालक हरकत घेणार, परत तारीख, परत मोजणी. मला ते नको होतं."

"एवढंच कारण?" मॅडम म्हणाल्या.

"न्हाय." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून पुन्हा मोठ्याने बोललो. "आमच्या देवळाची वाट असती तर मी दाखवली असती. ही बौद्धवाडीची होती. मला वाटलं, ह्यांचं कोण विचारायला येतंय."

मास्तर, लॉनवर पाण्याची फवारणी चालू होती, तेवढा आवाज. प्रशांतने मान खाली घातली. मॅडमनी पेन कागदावर टेकवलं आणि उचललं. मला म्हणाल्या, "काका, हे वाक्य मी थोडं बदलून लिहू का? 'अनवधानाने' असं?"

मी हो म्हणालो असतो की नाही, ते मला आज सांगता येत नाही. माझ्याआधी वहिनी बोलल्या. त्या माझ्या जवळ आल्या नाहीत, होत्या तिथूनच बोलल्या.

"नको मॅडम. ते जसं बोलले तसं लिवा."